कार्टूनमध्ये राजकारण कसं शोधायचं: नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

घरात लहान पोर आहे, रिमोट त्याच्या ताब्यात आहे आणि तुम्हाला रोज तेच निळं मांजर, तीच गुलाबी डुकरीण आणि तेच बोलणारं रेल्वे इंजिन बघत बसावं लागतंय, तर हे गाईड तुमच्यासाठी आहे. तेच ते एपिसोड बघून बघून डोकं आपोआप काहीतरी उद्योग शोधायला लागतं, मग एक दिवस वाटतं की अरे ही महापौर पर्समध्ये कोंबडी घेऊन का फिरते, हिला निवडून कोणी दिलं, आणि गावात आग लागली की फायर ब्रिगेडच्या ऐवजी दहा वर्षांच्या पोराला फोन का करते, आणि झालं, अडकलात तुम्ही. आता अडकलाच आहात तर नीट पद्धतशीर अडका. "हे सगळं प्रोपगंडा आहे रे" असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत, त्यात काही कला नाही. थिअरी अशी पाहिजे की समोरचा आधी हसला पाहिजे, मग थोडा वेळ गप्प झाला पाहिजे आणि मग म्हणाला पाहिजे, तुला काही कामधंदा नाही का.

पायरी १: कार्टून निवडा, आवाज बंद करा

जुनं, भरपूर एपिसोड असलेलं आणि सगळ्यांनी बघितलेलं कार्टून घ्या. कोणी न बघितलेल्या कार्टूनवर कितीही भारी थिअरी केली तरी ऐकणारा नुसता मान डोलावतो, भांडत नाही, आणि भांडण झालं नाही तर मग एवढा खटाटोप कशाला. कार्टून ठरलं की एक एपिसोड आवाज बंद करून बघा. संवाद आणि गाणी म्हणजे बनवणाऱ्यांचं अधिकृत निवेदन, ते काय प्रत्येक सरकारचं असतंच. आवाज गेला की मग दिसायला लागतं खुर्चीवर कोण बसलंय, उभं कोण आहे, गाडी कोणाकडे आहे आणि मागून पळत कोण येतंय.

पायरी २: तीन प्रश्न विचारा

पैसा कोणाकडे, हुकूम कोण सोडतं, आणि शेवटी पसारा कोण आवरतं. बास. पुस्तकी शब्द नंतर चिकटवता येतात, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्धी थिअरी तयार.

छोटा भीमवर करून बघू. ढोलकपूरला राजा आहे, इंद्रवर्मा. महाल आहे, सैनिक आहेत, भाले आहेत. तरी डाकू येऊ दे, राक्षस येऊ दे, शेजारचा राजा येऊ दे, बोलावणं जातं एका लहान मुलाला. म्हणजे संरक्षण खातं कागदावर आहे, बजेट बहुतेक महालाच्या रंगरंगोटीत जातंय आणि खरं काम कंत्राटावर दिलंय, तेही बिनपगारी. कंत्राटदाराचं इंधन म्हणजे लाडू, ते टुनटुन मावशीच्या खासगी दुकानातून येतं आणि बऱ्याचदा चोरून येतं, आणि ही गळती करणारी चुटकी ही मालकिणीचीच मुलगी. देशाची सुरक्षा या गळतीवर उभी आहे हे राजाला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. कालिया हा कायमचा विरोधी पक्ष, दर वेळी हरतो पण मैदान सोडत नाही, आणि ढोलू भोलू म्हणजे एकच मत दोनदा मोजलं जाणारे कार्यकर्ते.

आणि हे फक्त आपणच करतो असं समजू नका. २०२० मध्ये भीमने चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं असं कुठूनतरी पसरलं आणि "जस्टिस फॉर चुटकी" हॅशटॅग ट्रेंडला आला, लोक खरंच चिडले होते, शेवटी कंपनीला जाहीर सांगावं लागलं की ही सगळी लहान मुलं आहेत, कोणाचंही लग्न झालेलं नाही. आपल्या भाषेत काय झालं तर, वर्षानुवर्षं रसद पुरवणाऱ्या जुन्या मित्रपक्षाला टाकून सत्ताधारी घराण्याशी युती केल्याचा संशय आला आणि मतदार भडकला.

पायरी ३: प्रत्येक पात्राला एक देश चिकटवा

ही सगळ्यात मजेची पायरी आहे म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो. उदाहरण डोरेमॉनचं घेऊ कारण त्याच्यात मालच एवढा आहे.

सुरुवात मूळ गोष्टीपासून करा, बहुतेक लोक ती विसरलेले असतात. डोरेमॉन नोबिताकडे येतो कशाला? प्रेमाने नाही. नोबिता पुढे मोठा होऊन धंदा करणार, तो बुडणार आणि कर्ज एवढं होणार की पुढच्या पिढ्या ते फेडत बसणार. मग त्यातला एक वंशज, सेवाशी, वैतागून भविष्यातून रोबो पाठवतो की जा बाबा, या माणसाला आत्ताच सुधार. म्हणजे अख्ख्या मालिकेचा पाया काय, तर आजच्या पिढीने काढलेलं कर्ज उद्याच्या पिढीच्या डोक्यावर. अर्थसंकल्पावरच्या कुठल्याही चर्चेत हे वाक्य हमखास असतं, इथे ते मुलांना चड्डीतल्या पोराचं उदाहरण देऊन शिकवलंय.

आता देश वाटून घेऊ. जियान ही लष्करी महासत्ता. त्याचं धोरण जगजाहीर आहे, तुझं ते माझं आणि माझं तेही माझं. अधूनमधून तो गाण्याचा कार्यक्रम ठेवतो, हजेरी सक्तीची, याला आपण सांस्कृतिक आक्रमण म्हणू. सुनियो हा श्रीमंत छोटा देश, स्वतःचं सैन्य नाही म्हणून महासत्तेला चिकटून राहतो, नवीन खेळणी आधी तिला दाखवतो, आणि तरी मार खातोच, कारण असल्या करारांमध्ये बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. शिझुका अलिप्त राष्ट्र, सगळ्यांशी बोलते, कोणाच्या गटात जात नाही. डेकिसुगी म्हणजे तो उत्तरेकडचा छोटा देश जो प्रत्येक जागतिक यादीत पहिला असतो आणि ज्याच्याबद्दल बोलताना बाकीच्यांचे चेहरे कडू होतात. राहिला नोबिता, तो कर्जबाजारी विकसनशील देश, आणि डोरेमॉन ही त्याला मदत देणारी आंतरराष्ट्रीय संस्था, पोटाच्या खिशातून एकदम पुढचं तंत्रज्ञान काढून हातात देणार पण ट्रेनिंग देणार नाही, देखभालीचं बघणार नाही, मग प्रकल्प कोसळला की पुढच्या एपिसोडला नवीन प्रकल्प.

इथे कोणीतरी विचारणारच की जियानला लगाम कोण घालतं. त्याची आई. ती आली की महासत्ता कान धरून घरी जाते. तुमच्या मूडप्रमाणे हिला सुप्रीम कोर्ट म्हणा नाहीतर देशांतर्गत जनमत म्हणा, दोन्ही बसतं. एखादी गोष्ट दोन्हीकडे बसते म्हणजे खरं तर थिअरी कच्ची आहे, पण तुम्ही ते बोलू नका, "बहुपदरी आहे" असं म्हणा.

आता यातला गंमतीचा भाग असा की तुम्ही हे चेष्टेत करताय आणि सरकारं गंभीरपणे करून बसलीयत. २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनला अधिकृत अॅनिमे राजदूत नेमलं. २०१३ मध्ये बांगलादेशने हिंदीत डब केलेलं डोरेमॉन बंद केलं, चिंता ही की पोरं बांगला सोडून हिंदी बोलायला लागलीत. २०१४ मध्ये चीनच्या चेंगडू शहरातल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की हे निळं मांजर जपानचा सांस्कृतिक प्रभाव पसरवतंय, सावध राहा. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत त्याच्यावर बंदी घालायचा ठराव आला. १२९.३ सेंटिमीटर उंचीच्या, उंदराला घाबरणाऱ्या एका मांजरावर. तेव्हा आपण फार लांब गेलो का अशी शंका आली की ही यादी आठवायची.

पायरी ४: रंग, टोप्या आणि कपडे

लाल दिसला की थांबायचं. हा या छंदातला सगळ्यात जुना नियम. आणि याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्मर्फ. निळे ठेंगू लोक, सगळ्यांना एकसारख्या पांढऱ्या टोप्या, पैसा नाही, प्रत्येकाला वाटून दिलेलं काम, एकसारखी मशरूमची घरं आणि सगळ्यांच्या वर एकच दाढीवाला म्हातारा, त्याची टोपी लाल, विजार लाल. समोर शत्रू कोण तर गार्गामेल, त्याला या कष्टकरी लोकांना पकडून त्यांचं सोनं करायचंय. आता अजून काय पाहिजे, कार्ल मार्क्सने स्वतः येऊन सही करायची राहिलीय. यावर एक इंग्रजी लघुरूपही फिरतं, की स्मर्फ म्हणजे "सोशालिस्ट मेन अंडर रेड फादर". फक्त अडचण एवढीच आहे की ही पात्रं १९५८ मध्ये बेल्जियमच्या पेयो या चित्रकाराने फ्रेंचमध्ये काढली आणि तिथे त्यांचं नाव श्ट्रुम्फ आहे, जेवताना मीठ मागायचं होतं आणि शब्द आठवेना म्हणून तोंडातून आलेला बिनअर्थाचा आवाज तो. लघुरूपाची थिअरी तिथेच आडवी होते. म्हणून पहिला धडा, लघुरूप काढायच्या आधी मूळ भाषेतलं नाव बघा.

तरी लोक थांबत नाहीत. २०११ मध्ये आंत्वान ब्युएनो नावाच्या फ्रेंच लेखकाने अख्खं पुस्तक लिहून टाकलं की स्मर्फांचं गाव ही हुकूमशाही आहे, त्यात स्टालिनही आहे आणि नाझीही. चाहते प्रचंड चिडले. गंमत म्हणजे पेयोने स्वतःच एक उघड राजकीय गोष्ट केलेली आहे, १९६५ च्या पुस्तकात म्हातारा गावाबाहेर जातो, मागे निवडणूक होते, एक स्मर्फ प्रत्येकाला ज्याला जे हवं ते आश्वासन देऊन मतं मिळवतो, निवडून आल्यावर सोनेरी कपडे घालून राजा होतो, महाल बांधायला लावतो आणि विरोध करणाऱ्याला तुरुंगात टाकतो. यात शोधायचं काही शिल्लकच ठेवलेलं नाही, म्हणून असेल, पण लोक टोपीच्या रंगावरच जास्त बोलतात.

कपड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो कारण नवीन लोक इथे नेहमी फसतात. योगी बेअर हे अस्वल अंगात काही घालत नाही पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. यावर लगेच थिअरी सुचते की हा बेकार पांढरपेशा आहे, नोकरी गेली पण टाय सोडवत नाही, आणि आता सरकारी उद्यानात लोकांच्या डब्यांवर जगतोय. मस्त आहे, मला स्वतःला आवडते. पण खरं कारण हॅना-बार्बेरा स्टुडिओचं बजेट. टीव्हीसाठी कार्टून स्वस्तात आणि भराभर काढायचं होतं, म्हणून धड स्थिर ठेवून फक्त डोकं हलवायचे आणि जोड दिसू नये म्हणून मध्ये कॉलर. कार्टूनमधल्या माणसांना चार बोटं का, तर एक बोट कमी काढलं की हजारो चित्रांत तेवढी मेहनत वाचते. म्हणजे वेशभूषेवर थिअरी मांडायच्या आधी एकदा विचारायचं, हे काढायला सोपं आहे म्हणून तर नाही ना? आणि उत्तर "हो" आलं तरी घाबरायचं नाही, म्हणायचं की कामगाराच्या श्रमात काटकसर करताना पात्राचं एक बोट छाटलं गेलं. थिअरी आणखी सुधारली की नाही?

पायरी ५: मागच्या चित्राकडे बघा

पुढे काय चाललंय ते पोरं बघतात. आपण मागे बघायचं. डोरेमॉनमधलं ते रिकामं मैदान आणि त्यात पडलेले तीन सिमेंटचे पाईप आठवतात का? सगळी मारामारी, मीटिंगा, जियानची गाणी तिथेच. मालिका मासिकांतून सुरू झाली १९६९ च्या शेवटी, त्या काळात जपानी शहरांमध्ये बांधकामं आणि ड्रेनेजची कामं धडाक्याने चालू होती, मोकळ्या प्लॉटवर असे पाईप पडलेले दिसायचेच. म्हणजे पोरांचा अड्डा हा खरं तर सरकारी प्रकल्पाचा स्टॉक आहे. आणि दशकं उलटली तरी ते पाईप तिथेच पडलेत, बसवलेले नाहीत, यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच समजून घ्या.

थॉमस इंजिनाच्या बाबतीत तर मागचं चित्र हेच पुढचं चित्र आहे. ही मूळ पुस्तकं लिहिली ऑड्री नावाच्या पाद्रीबुवांनी, पहिलं १९४५ चं. त्यात हेन्री नावाचं एक इंजिन आहे, पाऊस लागून रंग खराब होईल म्हणून बोगद्यातून बाहेर यायला नकार देतं. मालक काय करतो? समजावतो, ढकलायला लावतो आणि मग रूळ काढून बोगद्याच्या तोंडावर भिंत बांधतो. संप केला तर गाडून टाकू, ही झोपताना सांगायची गोष्ट. पूर्ण मालिकेत इंजिनाचं सगळ्यात मोठं स्वप्न म्हणजे साहेबांनी आपल्याला "उपयोगी इंजिन" म्हणावं. पगारवाढ, सुट्टी, काहीही विषय नाही. २००९ मध्ये कॅनडातल्या एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेने खरंच याचा अभ्यास मांडला होता की थॉमस आणि बाकीची इंजिनं राहतात त्या बेटावर उतरंड कशी आहे, खालच्याने वर बघितलं की शिक्षा कशी होते. पेपरवाल्यांनी तिची भरपूर खिल्ली उडवली.

पण यातला माझा आवडता तुकडा कोणाच्या थिअरीतला नाहीच. हेन्रीपुढे भिंत बांधणारे ते जाडे साहेब, सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांचं पद डायरेक्टर आहे. १९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच वर्षीच्या पुस्तकापासून ते कंट्रोलर झाले. साहेब तेच, पोट तेच, टोपी तीच. खासगी गेलं, सरकारी आलं आणि इंजिनांच्या आयुष्यात फरक काय पडला तर दारावरची पाटी बदलली. राष्ट्रीयीकरणावर याहून तिखट टीका शोधून सापडणार नाही, आणि पाद्रीबुवांना ती करायची होती असंही नाही, ते बिचारे रेल्वेवेडे होते, खऱ्या रेल्वेत जे झालं ते त्यांनी गोष्टीत घेतलं. पुढे १९५५ नंतर ब्रिटिश रेल्वे वाफेची इंजिनं काढून डिझेल आणायला लागली आणि गोष्टींमध्ये डिझेल इंजिनं आगाऊ आणि कारस्थानी निघाली. वर्गसंघर्ष नाही हो हा, भंगारात जायची भीती आहे.

स्पंजबॉबच्या मागे तर समुद्रच आहे. तो राहतो त्या गावाचं नाव बिकिनी बॉटम, आणि प्रशांत महासागरात खरं बिकिनी नावाचं प्रवाळबेट आहे, १९४६ मध्ये अमेरिकेने तिथल्या १६७ रहिवाशांना हलवलं आणि १९५८ पर्यंत २३ अणुस्फोट केले. २०१९ मध्ये एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं की हसरे मासे दाखवून हा सगळा इतिहास पुसला जातोय. यावरही हसले लोक. तुम्हीही हसा, पण बिकिनीचे मूळ लोक अजून परत जाऊन तिथे वसलेले नाहीत हे माहीत असल्यावर ते हसू जरा मध्येच अडकतं.

पायरी ६: काय दाखवलेलं नाही ते शोधा

हे अवघड आहे, सवय लागते. पॉ पेट्रोलमध्ये आग विझवायला कुत्रा, पोलीस कुत्रा, कचरा उचलायलाही कुत्रा, आणि या सगळ्यांचा साहेब रायडर हा दहा वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे टॉवर आहे, हेलिकॉप्टर आहे, प्रत्येक कुत्र्याला वेगळी गाडी आहे. पैसा कुठून येतो? सांगत नाहीत. सुरुवातीला सांगितलेल्या त्या कोंबडीवाल्या महापौरबाई कर गोळा करताना कधी दिसल्या? नाही. सगळ्या नागरी सेवा एका खासगी संस्थेकडे आहेत, टेंडर निघालेलं आठवत नाही, आणि शेजारच्या गावचा महापौर हमडिंगर, जो एकटाच या मक्तेदारीशी स्पर्धा करू बघतो, त्याला खलनायक केलंय. यावर खरोखर एक शोधनिबंध आहे, २०२० चा, कॅनडातल्याच एका प्राध्यापकाचा. कॅनडात हिवाळा फार मोठा असतो, त्याचा काही संबंध असावा.

पण या पायरीचे आद्यगुरू वेगळेच आहेत. १९७१ मध्ये चिलीत एरियल डोर्फमन आणि आर्मां मातलार यांनी डोनाल्ड डकच्या कॉमिक्सवर पुस्तक काढलं. त्यांनी बघितलं की या बदकांच्या जगात आईबाप नाहीतच, सगळे काका आणि पुतणे. (काका-पुतणे म्हटल्यावर मराठी वाचकाला राजकारण वेगळं समजावून सांगायला नको.) कोणी काही पिकवत नाही, कारखान्यात कोणी काम करत नाही, खजिना लांबच्या देशात पडलेला असतो आणि तिथले भोळे लोक तो खुशीने देऊन टाकतात. ही थिअरी चेष्टेची नव्हती आणि तिचं पुढे जे झालं तेही चेष्टेचं नाही. १९७३ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर या पुस्तकाच्या प्रती जाळल्या, समुद्रात टाकल्या, आणि १९७५ मध्ये इंग्रजी प्रती अमेरिकेत पोचल्या तेव्हा तिथल्या कस्टम्सने अडवून ठेवल्या. एका बदकावरच्या पुस्तकाची एवढी धास्ती.

पायरी ७: चेहरा गंभीर ठेवा

स्वतः हसलात की संपलं. या बाबतीत आदर्श म्हणजे एका ब्रिटिश डॉक्टरबाईंचा २०१७ चा लेख, जगप्रसिद्ध ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या ख्रिसमस अंकात आलेला. विषय काय तर पेपा पिगमधले डॉक्टर ब्राऊन बेअर. फोन केला की लगेच उचलतात, साध्या पुरळासाठी घरी येतात, गरज नसताना औषध देतात, मग आमच्या दवाखान्यात येणाऱ्या लोकांच्या अपेक्षा वाढणार नाहीत तर काय होईल, अशी मांडणी, केस स्टडीसकट, एकदाही न हसता. सरकारी आरोग्यसेवेवरचा ताण त्यात जेवढा कळतो तेवढा अहवालात कळत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचं २०२१ चं भाषण. उद्योगपतींसमोर बोलताना कागद पुढेमागे झाले आणि मग गाडी वळली पेपा पिगच्या थीम पार्ककडे, तिथले रस्ते किती सुरक्षित, शाळेत शिस्त किती वगैरे. राजकारणात कार्टून शोधायला गेलं की असं होतं, आपण उलट दिशेने जातो ते बरं.

आक्षेप येतीलच. "अरे लहान मुलांचं आहे, सोड ना" याला उत्तर द्यायचं की मग ते बनवायला मोठी माणसं आणि मोठ्या कंपन्या कशाला लागतात. "लेखकाच्या मनात असं नव्हतं" याला म्हणायचं, थॉमसच्या पाद्रीबुवांच्याही नव्हतं. "पुरावा काय" असं विचारलं तर पुढचा एपिसोड लावायचा. मात्र ध चा मा करायचा नाही. एपिसोडमध्ये नसलेला सीन सांगितला, पात्राच्या तोंडी नसलेलं वाक्य घातलं की ती थिअरी राहत नाही, ती अफवा होते. जमीन खरी पाहिजे, इमारत कितीही वाकडी चालेल.

आणि माणसांच्या मागे लागायचं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जेरी फॉलवेल या धर्मगुरूच्या मासिकाने टेलिटबीज या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या टिंकी विंकीला समलिंगी ठरवलं, का तर रंग जांभळा, डोक्यावर त्रिकोण आणि हातात पर्स. २००७ मध्ये पोलंडच्या बालहक्क अधिकारी बाईंनी तेच उकरलं, तपास करायचं म्हणाल्या आणि चहूबाजूंनी हसं झाल्यावर मागे घेतलं. पद्धत आपलीच आहे बघा, रंग, टोपी, पिशवी. फरक एवढाच की आपण सत्तेला चिमटा काढायला बसलोय आणि ते कोणाला तरी घराबाहेर काढायला बसले होते.

पायरी ८: जिथे खरंच राजकारण आहे तिथे ते लपवलेलं नसतं

ही पायरी थोडी नीरस आहे, पण येत नसेल तर तोंडघशी पडाल. दुसऱ्या महायुद्धात डिस्नेने डोनाल्ड डकला १९४२ च्या एका फिल्ममध्ये लोकांना आयकर वेळेवर भरा असं सांगायला लावलं, अमेरिकेच्या अर्थखात्यासाठी. १९४३ मध्ये तोच डोनाल्ड स्वप्नात नाझींच्या कारखान्यात तोफगोळे बनवताना दिसला आणि त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. यात काय शोधणार? १९५४ च्या ब्रिटिश "अॅनिमल फार्म"ला मात्र पैसा सीआयएने गुपचूप पुरवला होता, आणि मूळच्या ऑरवेलच्या कादंबरीचा कडू शेवट बदलून प्राण्यांकडून सत्ता बळकावलेल्या डुकरांविरुद्ध दुसरं बंड करवलं. पडद्यावर कुठेही खूण नाही. खूण चेकबुकात होती.

ही-मॅन बघा. तलवार, कवटीचा चेहरा, चांगलं विरुद्ध वाईट, यातून शीतयुद्ध काढायचा मोह होतो. काढा खुशाल. पण मालिका १९८३ ची, मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीची ही-मॅनची खेळणी आधीच बाजारात होती, आणि १९८४ मध्ये रेगन सरकारच्या काळात अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेची मर्यादाच उठवली. मग खेळण्यांची कार्टूनं धो धो यायला लागली, १९९० मध्ये कायदा करून मुलांच्या कार्यक्रमात तासाला किती मिनिटं जाहिरात ते परत बांधून द्यावं लागलं. एवढं सगळं राजकारण त्या तलवारीत एका फ्रेममध्येही दिसत नाही.

म्हणून नवीन थिअरी करताना शेवटी श्रेयनामावली येते तेव्हा उठून जाऊ नका. पैसे कोणी दिले, खेळणी कोण विकतं, कुठल्या साली निघालं आणि त्या साली त्या देशात काय चालू होतं, एवढं बघितलं की दहातल्या नऊ थिअरी गळून पडतात आणि दहावी तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त विचित्र निघते.

होमवर्क

टॉम अँड जेरी घ्या. माहिती मी देतो, थिअरी तुमची. १९४० च्या पहिल्या फिल्ममध्ये टॉमचं नाव जॅस्पर होतं, नंतर बदललं, आता याला पक्षांतर म्हणायचं की नुसतं नामांतर ते ठरवा. स्पाईक कुत्रा हा तिसरी ताकद, तो फक्त स्वतःचं पिल्लू किंवा झोप मोडली की युद्धात उतरतो. घर कोणाचं आहे हा प्रश्न दोघंही कधी विचारत नाहीत. आणि १९५२ पर्यंतच्या फिल्म्समध्ये झाडू घेऊन येणारी, बहुतेक वेळा फक्त पायच दिसणारी ती बाई आठवा. ती त्या काळच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मोलकरणीचं साचेबंद चित्र होती, त्यावर तेव्हाच आक्षेप घेतले गेले, पुढे टीव्हीसाठी तिचा आवाज बदलला, काही ठिकाणी तिच्याजागी गोरे पाय काढले. उंदीर-मांजराच्या शीतयुद्धावर ज्याने त्याने लिहून ठेवलंय, तुम्ही झाडूवाल्या बाईपासून सुरुवात करून बघा. पायरी दोनमधला तिसरा प्रश्न तिच्यासाठीच आहे. उत्तरपत्रिका तपासून मिळणार नाहीत.